विकतचे झाड, रिकामे हात

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की महाराष्ट्रातील शहरांच्या बाजारपेठा रंग पालटतात. दिवाळीत ज्या खिळ्यांना दिव्यांच्या चिनी माळा लटकत होत्या, त्याच खिळ्यांना आता तांबड्या टोप्या, कापसाच्या दाढ्या, प्लॅस्टिकची सूचिपर्णी झाडे आणि चकचकीत गोळे लटकू लागतात. दुकान तेच, विक्रेता तोच, आणि बहुतेक वेळा माल ज्या देशातून येतो तो देशही तोच. ग्राहकदेखील बदललेला नसतो. पुणे, ठाणे, नाशिक येथील मध्यमवर्गीय हिंदू कुटुंब. घरात देव्हारा आहे, भिंतीवर कालनिर्णय आहे, आणि आईच्या हातात शाळेने पाठवलेली सूचना आहे की येत्या शुक्रवारी पाल्याने नाताळची घरी तयार केलेली सजावट सोबत आणावी. कार्यालयातून परतताना आई ती सजावट विकत घेते. तेवढाही वेळ नसेल तर दहा मिनिटांत ती घरपोच येते. मग किमतीची चिठ्ठी नखाने खरवडून काढली जाते आणि दुसऱ्या दिवशी मूल ती वस्तू 'घरी केलेली' म्हणून बाईंच्या टेबलावर ठेवते. बाईंना ठाऊक असते, आईला ठाऊक असते आणि मुलालाही ठाऊक असते. प्रेमाचा आणि पावित्र्याचा म्हणून जो सण मुलाला शिकवायचा, त्याचा पहिला धडा असा सर्वसंमत खोटेपणाचा असतो.

या प्रकाराकडे पाहण्याच्या दोन ठरावीक रीती आहेत. पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींना त्यात सर्वधर्मसमभावाचा विजय दिसतो. मूल झाड सजवते आहे, म्हणजे ते उदार झाले, इतका त्यांचा हिशेब सोपा असतो. दुसऱ्या बाजूला काही उत्साही तरुणांना त्यात परकीय आक्रमण दिसते आणि ते मॉलच्या दाराशी घोषणा देण्यासाठी गोळा होतात. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की त्या प्लॅस्टिकच्या झाडाच्या रूपाने ख्रिस्ती सण हिंदू घरात शिरला आहे. वस्तुतः तो सण त्या घराच्या उंबरठ्यावरही आलेला नाही. आत आले आहे ते एक रिकामे खोके. सण घरात रुजतो कसा आणि या देवघेवीत हिंदू घराने नेमके काय गमावले, हे समजून घ्यायचे असेल तर हा नाताळ जिथून आला तिथल्या घरांत डोकावले पाहिजे.

नाताळचे झाड ही मूळची जर्मन भाषिक मुलखातील प्रथा. आज फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरातील १६०५ सालच्या एका नोंदीत घराच्या दिवाणखान्यात उभारलेल्या अशा झाडांचे वर्णन येते. त्यावर काय टांगले होते? रंगीत कागदातून कापलेली गुलाबाची फुले, सफरचंदे, पातळ चकत्या, सोनेरी वर्ख आणि साखरेची मिठाई. कागद कापला तो घरातल्या माणसांनी. झाड तरी का? तर उत्तर युरोपात त्या दिवसांत दुपार सरता सरता अंधार पडतो, जमीन बर्फाखाली असते, पानझडीच्या झाडांचे नुसते सांगाडे उरलेले असतात. अशा वेळी ज्या झाडाचा हिरवेपणा टिकून राहतो, त्याची फांदी घरात आणणे म्हणजे उजेड परत येणार आहे, अशी एकमेकांना दिलेली ग्वाही. तिथल्या निसर्गातून आणि तिथल्या श्रद्धेतून ती उगवली, म्हणून ती तिथे शोभते. महाराष्ट्रात त्याच डिसेंबरात रब्बीची शेते हिरवीगार असतात, हरभरा फुलावर आलेला असतो, हुरड्याचे दिवस जवळ आलेले असतात. इथे कापसाचा बर्फ पसरून कशाची उणीव भरून काढायची?

जर्मन घरांतील गवताच्या चांदण्या पाहण्यासारख्या असतात. धान्य काढून घेतल्यावर उरलेल्या काड्या पाण्यात भिजत घालायच्या. मऊ झाल्या की त्या उभ्या चिरायच्या, गरम इस्तरीने सपाट करायच्या, एकमेकींवर आडव्यातिडव्या ठेवून मध्यभागी दोऱ्याने आवळायच्या आणि टोके कातरायची. खर्च म्हणाल तर दोऱ्याचा. या कामाला लागते ती संध्याकाळ, आणि एक वडीलधारे माणूस, ज्याच्या बोटांना ती गाठ ठाऊक आहे. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे येशूचा जन्म गोठ्यात झाला आणि बाळाला गव्हाणीत निजवले गेले. त्या गव्हाणीतील गवताची आठवण त्या काडीत असते. आजी काडी चिरताना हे सांगते आणि नातू ऐकतो. या घरांत श्रद्धा पुढच्या पिढीच्या हाती देण्याचे काम असे बोटांमधून होत आले आहे. व्यासपीठावरचे प्रवचन त्याच्या मागाहून येते.

हाम्बुर्ग शहरात योहान हिनरिख विखर्न नावाचे एक धर्मोपदेशक होते. दरिद्री आणि निराधार मुलांसाठी त्यांनी १८३३ मध्ये एक आश्रम सुरू केला. नाताळ किती दिवसांवर आला, असे ती मुले रोज विचारून त्यांना भंडावून सोडत. १८३९ साली विखर्न यांनी बैलगाडीच्या चाकासारखे एक लाकडी चाक घेतले, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि अधल्यामधल्या दिवसांसाठी लहान तांबड्या मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एक पेटवायला आरंभ केला. मुलांना दिवस मोजता येऊ लागले. आगमनकाळात जगभर ख्रिस्ती घरांतून जे वर्तुळ मांडले जाते, त्याचा उगम या अनाथालयातील चाकात आहे. ज्यांना स्वतःचे घर नव्हते त्यांच्यासाठी कुणीतरी हाताने केलेली ही वस्तू होती. आज तिची प्लॅस्टिकची प्रतिकृती, आत विजेच्या घटावर चालणारे दिवे असलेली, महाराष्ट्रातल्या दुकानात मिळते. ती घेणाऱ्या हिंदू गृहिणीला विखर्न ठाऊक नसतात, आगमनकाळ ठाऊक नसतो. तिला ती 'दिवाणखान्यात छान दिसेल' एवढेच ठाऊक असते.

आणखी एक उदाहरण, आणि हे संघटनेत काम करणाऱ्या प्रत्येकाने मुद्दाम लक्षात ठेवावे असे. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात हेर्नहूट नावाचे छोटे गाव आहे. मोराविअन नावाच्या ख्रिस्ती पंथाचे हे केंद्र. या पंथाचे प्रचारक अठराव्या शतकापासून दूरदूरच्या खंडांत गेले. हिमालयात लाहौल आणि लडाखपर्यंत पोहोचले. मायदेशी त्यांची मुले पंथाच्या वसतिशाळांत राहत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशाच एका शाळेत, नीस्की गावी, भूमिती शिकवता शिकवता कागदाच्या शंकूंची एक चांदणी तयार झाली. सतरा चौकोनी पायाचे आणि आठ त्रिकोणी पायाचे, असे पंचवीस शंकू जोडून ती उभी राहते. आईबाप सातासमुद्रापलीकडे असताना मुलांनी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी एकत्र बसून चांदणी जोडायची आणि मध्ये दिवा लावायचा, असा तो रिवाज पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती विक्रीला आली, तरी घरी नेऊन स्वतः जोडण्याची पद्धत राहिली. त्या प्रचारकांच्या कार्याविषयी या देशात ज्या शंका आहेत आणि जो विरोध आहे, तो आहेच. परंतु शाळेतील गणिताचा तास, घराची ओढ आणि सणाचा दिवा एकाच वस्तूत गुंफण्याची ही दृष्टी ज्यांच्याकडे होती, त्यांचा पंथ तीनशे वर्षे का टिकला, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

मग हा सण बाजाराच्या हाती गेला कसा? १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने राणी व्हिक्टोरिया, तिचा जर्मन पती आल्बर्ट आणि त्यांची मुले नाताळच्या झाडाभोवती उभी असल्याचे चित्र छापले. राणीने केले ते सरदारांनी केले, सरदारांनी केले ते व्यापाऱ्यांनी. झाडाची फॅशन झाली. फॅशन झाली की मागणी आली आणि मागणी आली की पुरवठादार आला. जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात लाउशा नावाचे काचकामगारांचे गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून झाडाला टांगायचे काचेचे गोळे होऊ लागले. बाप दिव्याच्या ज्योतीवर काच फुंकणार, आई आतून चांदीचा मुलामा देणार, मुले रंगवणार आणि मग तो माल टोपलीत घालून सोनेबर्गच्या व्यापाऱ्याकडे पोहोचवायचा. १८८० च्या दशकात अमेरिकेतील वुलवर्थ या दुकानदाराने हे गोळे विकायला घेतले आणि मागणी अफाट वाढली. वरवर पाहता हेही घरी, सगळ्या कुटुंबाने मिळून केलेले काम. पण त्यात सण नव्हता. दुसऱ्याच्या दिवाणखान्यातील झाडासाठी तुटपुंज्या भावाने रात्री जागवण्याचे ते कष्ट होते. आपल्या घरासाठी केलेली एक वाकडी चांदणी आणि व्यापाऱ्यासाठी केलेले शंभर सुबक गोळे यांत जो फरक आहे, तो ज्यांना दिसत नाही त्यांना 'हस्तकला' या शब्दाने सहज फसवता येते. आजही तेच चालले आहे. 'हाताने बनवलेले' अशी चिठ्ठी लावून वस्तूची किंमत तिप्पट करता येते, हे शहरी दुकानदारांना केव्हाच उमगले आहे.

लाउशाचे कारागीर निदान त्या सणावर श्रद्धा ठेवणारे होते. आज जगात खपणाऱ्या नाताळ-सजावटीचा फार मोठा हिस्सा चीनच्या झेजियांग प्रांतातील यीवू या शहरातून निघतो. तिथली सत्ता कम्युनिस्ट, कामगार बहुतेक खेड्यांतून आलेले, आणि ज्या सणासाठी भर उन्हाळ्यात ते तांबडा रंग फवारतात त्या सणाशी त्यांचे काहीही देणेघेणे नाही. तेव्हा प्लॅस्टिकचे झाड घरात आणणारे हिंदू कुटुंब बेथलेहेमशी नाते जोडत नसते. ते यीवूच्या घाऊक बाजारातले गिऱ्हाईक होत असते. याला कुणी उदारमतवाद म्हणत असेल तर त्या शब्दाची कीव करावी लागेल.

आशियातील एका ख्रिस्ती देशाचे उदाहरण येथे बोलके आहे. फिलिपाइन्समध्ये नाताळच्या आधीचे नऊ दिवस, १६ डिसेंबरपासून, पहाटेच्या अंधारात लोक चर्चला जातात. वाट दिसावी म्हणून दारात चांदणीच्या आकाराचा कंदील लावतात. त्याला 'पारोल' म्हणतात. पारोल बांधायची रीत अशी: बांबूच्या कामट्यांच्या पाच टोकांच्या दोन चांदण्या करायच्या, त्या एकमेकींवर ठेवून टोकाशी बांधायच्या, आतल्या पाच कोनांत छोट्या काड्या आडव्या घालून त्या फुगवायच्या आणि वरून पातळ रंगीत कागद चिकटवायचा. मराठी घरात ज्याने लहानपणी चांदणीचा आकाशकंदील केला आहे, त्याला हे वाचताना चकित व्हावे लागेल, कारण बांधणीत तिळमात्र फरक नाही. कार्तिकात उंच काठीवर लावायच्या आकाशदीपामागेही वाट उजळण्याचीच भावना आहे. पितरांना वाट दिसावी, अशी. फिलिपाइन्सवर स्पेनने तीनशे वर्षे राज्य केले, त्यानंतर अमेरिकेने. तरी त्या लोकांनी नाताळसाठी युरोपचे झाड उचलण्याआधी आपल्या बांबूला आणि आपल्या कागदाला हात घातला. धर्म परका आला, पण हात त्यांनी आपलेच ठेवले.

गोव्यात आणि वसईतही हेच दिसते, आणि तिथल्या ख्रिस्ती समाजाकडे आकसाने पाहणाऱ्यांनी ते एकदा जाऊन पाहावे. गोव्याचा ख्रिस्ती माणूस नाताळच्या चांदणीला आजही 'नखेत्र' म्हणतो. गव्हाणीच्या देखाव्याला तो 'गोठो' म्हणतो. गवत, माती, शेवाळ गोळा करून घरातली आणि वाड्यावरची मुले तो उभा करतात. कुठे कुठे देखाव्यातले शेत हिरवे दिसावे म्हणून आधीपासून पसरट भांड्यात नाचणी पेरून ठेवतात. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरणाऱ्या घराला यात परके वाटावे असे काय आहे? नाताळच्या तबकात नेवऱ्यो असतात, आणि नेवरी म्हणजे दुसरे तिसरे काही नसून करंजी. चवथीला हिंदू घरातून ती शेजारी जाते, नाताळला शेजारून हिंदू घरात येते. सामवेदी, वाडवळी बोलणारा वसईचा ख्रिस्ती शेतकरी मराठीतच प्रार्थना करतो. शेजाऱ्याचा सण म्हणजे काय ते या तबकात दिसते. त्याच्या दारी जाऊन त्याला शुभेच्छा द्याव्यात, त्याच्या मुलांनी केलेला गोठा पाहावा, करंजी खावी. हिंदू संस्कृतीने हीच रीत शिकवली आहे. शेजाऱ्याकडे न जाता मॉलमध्ये जाऊन त्याच्या सणाची नक्कल विकत आणणे, यात ना शेजारधर्म आहे ना स्वधर्म.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या त्या निर्णयाचे दुःख तेव्हाच्या समाजाला झाले, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु टिळकांनी भजन सोडले नाही, कीर्तन सोडले नाही, ओवी-अभंगांची वाट सोडली नाही. ख्रिस्ती उपासनेवरचे पाश्चात्त्य जोखड त्यांना अखेरपर्यंत खुपत राहिले. १९१७ मध्ये साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला तो त्याच तळमळीतून. धर्मांतर केलेल्या माणसालाही जे स्वत्व सोडवले नाही, ते धर्मांतर न करता, नुसत्या हौसेपायी सोडून देणारा आजचा सुशिक्षित हिंदू पाहून टिळकांना काय वाटले असते?

इथे या लेखाच्या नेहमीच्या वाचकाला समाधान वाटू लागले असेल, तर त्याने जरा थांबावे. कारण खरा प्रश्न प्लॅस्टिकचे झाड आणणाऱ्या घराचा नाही. ते न आणणाऱ्या, कडवट निष्ठेच्या, शाखेत जाणाऱ्या घराचा आहे. गेल्या दिवाळीत त्या घरावर आकाशकंदील कुठला होता? कामट्या कुणी तासल्या? खळ कुणी शिजवली? पतंगी कागदाच्या करंज्या कापून कडेला कुणी डकवल्या, झिरमिळ्या कुणी सोडल्या? चाळीस वर्षांपूर्वी चाळीच्या गॅलरीत हे काम आठ दिवस चाले. थोरल्या भावाकडून धाकटा शिके आणि चुकीच्या गाठीबद्दल टपली खाई. आज कंदील घडीचा येतो, त्यावर कुठल्याशा कार्टूनचे चित्र असते, आणि तो उघडून दिव्याला लावायला अर्धा मिनिट पुरतो. अंगणातला किल्ला तयार मिळतो, तोही प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा. बुरूज कुठे आणि बालेकिल्ला कुठे हे मुलाने ठरवायचेच नसते. मुंबईत माहीमची कंदील गल्ली अजून बांबू आणि कागद धरून आहे, मेळघाटात लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्र वनवासी कारागिरांच्या हातून बांबूच्या राख्या घडवते. ही बेटे आहेत, आणि त्यांचे कौतुक करून झाल्यावर बहुतेक घरे पुन्हा घडीच्या कंदिलाकडे वळतात. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत तासभर व्याख्यान होते, टाळ्या पडतात, आणि ज्या घरात बैठक झाली त्याच घराच्या दाराला प्लॅस्टिकच्या आंब्याच्या पानांचे तोरण असते. खालच्या रस्त्यावर आंब्याचे झाड उभे असते.

ज्या घराने आपला सण आधीच विकत घेतला, त्याला दुसऱ्याचा सणही विकत घेण्यात वावगे काय वाटणार? खरेदीची सवय एकदा जडली की कोणता सण, हा केवळ तारखेचा तपशील उरतो. बाजाराला धर्म नसतो. ऑक्टोबरात त्याला लक्ष्मी चालते, डिसेंबरात सांताक्लॉज चालतो, फेब्रुवारीत आणखी कुणी चालतो. मेकॉलेला दोष देत बसणे सोयीचे आहे, परंतु आकाशकंदील विकत आणा, असे मेकॉलेने कुठेही लिहून ठेवलेले नाही.

म्हणूनच मॉलमधील सजावटीची मोडतोड करून कर्तव्य बजावल्याचे समाधान मिळवणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. मोडणारे हात आणि करणारे हात वेगळे असतात. शेजाऱ्याच्या सणाच्या दिवशी त्याच्या दाराशी दहशत घालणे हा अधर्म आहे, कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यातून हिंदू घरातला एकही विझलेला कंदील पुन्हा लागत नाही. तेच तरुण दिवाळीआधी वस्तीतल्या वीस मुलांना घेऊन बसले असते आणि बांबू तासायला शिकवले असते, तर त्या वीस घरांत घोषणेची गरज पडली नसती. २५ डिसेंबरला तुळशीपूजन करण्याची जी टूम अलीकडे निघाली आहे, तिचेही तसेच. तुळस रोज पूजायची. तिचा उत्सव कार्तिकात येतो. तिच्या लग्नासाठी ऊस, चिंचा, आवळे हे सारे त्या ऋतूत शेतातून येते. तिला उचलून दुसऱ्याच्या सणासमोर प्रतिस्पर्धी म्हणून उभे करणे म्हणजे आपले पंचांग दुसऱ्याच्या तारखेवरून लावणे. हीदेखील नक्कलच, फक्त उलट्या तोंडाची.

शाळांचे काय? त्यांच्याकडे बोट दाखवण्याआधी एक नाव आठवावे. फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२). लहान मुलांच्या शाळेला 'मुलांची बाग' हे नाव देणारे ते शिक्षणतज्ज्ञ. लाउशाच्याच थुरिंगिया प्रांतात त्यांनी १८३७ मध्ये कामाला आरंभ केला. कागदाच्या घड्या, विणकाम, लाकडी ठोकळे यांतून मूल शिकते, हा त्यांचा आग्रह. कागदाच्या चार लांब पट्ट्या एकमेकींत गुंफून केली जाणारी नाताळची चांदणी जर्मनीत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रातील ज्या शाळा या सगळ्या परंपरेचे नाव पाटीवर लावून भरमसाट शुल्क घेतात, त्या मुलाकडून काय करून घेतात? छापील आकृतीत रंग भरून घेतात, आणि उरलेले बाजारातून मागवतात. हाताने शिकण्याचा विचार भारतीय मातीत कसा रुजवायचा, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर करून दाखवले. महागडी विदेशी साधने परवडत नाहीत म्हणून त्या रडत बसल्या नाहीत. पाने, बिया, शिंपले, माती, जे आसपास होते त्यातून त्यांनी वनवासी मुलांची शाळा उभी केली. शाळेला पालकांनी जाब विचारायचाच असेल तर तो असा विचारावा: मुलाच्या हाताने वर्षभरात काय घडले? नाताळला चांदणी करून घेता, ठीक आहे. कागद, कात्री, खळ देऊन वर्गात करून घ्या, आणि ज्यांच्या घरचा हा सण आहे त्या वर्गमित्राला तिची गोष्ट सांगू द्या. मग ऑक्टोबरात कंदील, जानेवारीत तिळाचा हलवाही वर्गात होऊ द्या. असा प्रश्न विचारणारा पालक सहसा भेटत नाही, कारण प्रश्न उलटून घरी येण्याची भीती असते.

हलव्याचा उल्लेख आलाच आहे, तर तो पुरा करायला हवा. जर्मन घरात गवताच्या चांदण्या बांधल्या जातात त्याच कडाक्याच्या दिवसांत मराठी घरातही एक घरगुती कारागिरी चालत असे, आणि नाजूकपणात ती कुणाला हार जाणारी नव्हती. मंद शेगडीवर परात ठेवायची, तिच्यात तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा, वरून साखरेचा पाक चमच्याचमच्याने सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचे. आच जास्त झाली की पाक करपतो, हात थांबला की दाणे चिकटतात. थंडी पडलेली असेल तर दाण्यावर काटा सुरेख फुलतो. एका दिवसात ते होत नाही. रोज थोडा हात द्यावा लागतो, आणि घरातल्या साऱ्या बायका आळीपाळीने परातीशी बसतात. मग त्या काटेरी दाण्यांचे हार, बांगड्या, बाजूबंद, तन्मणी, मुकुट ओवायचे. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीसाठी आणि बाळाच्या बोरन्हाणासाठी. आता हे दागिने खोक्यात मिळतात, त्यांतले बरेचसे पांढऱ्या प्लॅस्टिकच्या मण्यांचे असतात, आणि छायाचित्र काढून झाले की खोक्यात परत जातात.

नाताळची सुट्टी सर्व शाळांना असते. तिथपासून संक्रांत जेमतेम तीन आठवड्यांवर येते. काटा कसा फुलवायचा हे बोटांना ठाऊक असलेली आजी अजून पुष्कळ घरांत आहे. तिला कुणी विचारलेले नाही इतकेच. परात माळ्यावर आहे. पावशेर तीळ वाण्याकडे मिळतात.